देवळाच्या ओसरीपासून सुरुवात: मानवी तस्करी रोखण्यासाठी श्रद्धावंतांनी काय करावे आणि काय करू नये

पंगतीत चार वर्षे वाढपी म्हणून उभे राहिले की माणसे ताटावरून ओळखता येऊ लागतात. कोण पोटभर जेवतो आहे, कोण लाजतो आहे, कोणती आई लेकराच्या ताटात उरलेले खाऊन उठते आहे, हे वेगळे विचारावे लागत नाही. आमच्या भागातल्या एका देवस्थानाच्या अन्नछत्रात एका दुपारी चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी दोन पुरुषांच्या मध्ये बसली होती. भाजी हवी का, असे वाढणाऱ्या बाईंनी विचारले तेव्हा तिने मान वर केली, पण उत्तर शेजारच्या माणसाने दिले. पुढे ताक आले, पुन्हा भात आला, आणि दोन्ही वेळा तोच बोलला. हात धुण्याच्या नळाशी बाईंनी तिला सहज गाव विचारले. तिने सांगितलेले गाव आणि त्या माणसांनी भक्तनिवासाच्या वहीत लिहिलेले गाव वेगळे निघाले, म्हणून व्यवस्थापकांनी आतल्या खोलीत जाऊन १०९८ या मुलांच्या मदतीसाठीच्या क्रमांकावर फोन केला आणि पोलीस येईपर्यंत त्या तिघांना प्रसादाच्या निमित्ताने थांबवून घेतले. मुलीला लग्नासाठी परराज्यात नेले जात होते आणि सोबतच्या दोघांपैकी एकही तिचा नातेवाईक नव्हता.

त्या दुपारी कोणी दार तोडून आत शिरले नाही, की कोणी भाषण केले नाही. धर्मस्थळांचे खरे बळ कशात आहे हे मला तेव्हा नीट कळले. अनोळखी माणसे तिथे निर्धास्तपणे येतात, तिथल्या माणसाने चौकशी केली तर राग मानत नाहीत, आणि तिथे रोज कोणीतरी हजर असतेच. पुढे जे सांगितले आहे ते या बळाच्या आधारानेच करता येईल असे काम आहे. छापे घालणे आणि गुन्हेगारांच्या मागे लागणे हे पोलिसांचे काम असून ते त्यांच्याकडेच राहू द्यावे.

तस्करी म्हणजे नेमके काय

तस्करी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बेशुद्ध करून पळवलेली मुलगी उभी राहते. असे प्रकार घडतात, परंतु बहुतेक वेळा माणूस आपल्या पायांनी चालत जातो, कारण त्याला काम, लग्न किंवा शिक्षण यांचे आमिष दाखवलेले असते आणि ते दाखवणारा बहुधा ओळखीचाच असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ प्रमाणे धमकी, बळजबरी, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा पैशाचे आमिष यांच्या आधारे, शोषण करण्यासाठी, एखाद्या व्यक्तीची भरती करणे, तिला नेणे, ठेवून घेणे, सोपवणे किंवा ताब्यात घेणे म्हणजे तस्करी होय. शोषणात लैंगिक शोषणाबरोबर गुलामीसारखी राबणूक, भीक मागायला लावणे आणि अवयव काढून घेणे हेही येते. बळी ठरलेल्या व्यक्तीची संमती होती की नव्हती, हा मुद्दा कायदा विचारातच घेत नाही. शिक्षा किमान ७ वर्षांची आहे, आणि बळी बालक असल्यास ती किमान १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते.

आपल्याकडची उदाहरणे या व्याख्येत बसवून पाहिली की चित्र अधिक स्पष्ट होते. उसाच्या पट्ट्यात मुकादम ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि नवराबायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, हंगामभर त्याच्याशी बांधली जाते. सगळी ऊसतोड म्हणजे तस्करी नव्हे, हे इथेच सांगितले पाहिजे. मात्र उचल फिटत नाही म्हणून माणसाला डांबून ठेवले किंवा त्याच्या मुलांना कामाला जुंपले, तर ती वेठबिगारी ठरते, आणि तिच्यावर १९७६ पासून कायद्याने बंदी आहे. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातून कातकरी कुटुंबांतील लहान मुले काही हजार रुपयांच्या किंवा एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात मेंढ्या राखण्यासाठी दिली गेल्याचे उघड झाले आणि त्यात एका मुलीचा जीव गेला. अलीकडे तर इंग्रजी बोलणारे, संगणक येणारे तरुणही या जाळ्यात सापडू लागले आहेत. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी आहे असे सांगून त्यांना म्यानमारच्या सीमेवरील वसाहतींत नेले जाते आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला बसवले जाते.

पहिली पायरी: आधी आपला उंबरठा

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण नेमका हाच टाळला जातो.

देवाच्या नावाने मुली सोडण्याची चाल आपल्या मातीत होती. सौंदत्तीच्या यल्लम्मेला देवदासी आणि जोगतिणी, तर जेजुरीच्या खंडोबाला मुरळ्या वाहिल्या जात, आणि त्यांतल्या अनेकींची वाट पुढे शहरांतल्या कुंटणखान्यांपर्यंत जाई. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे प्रार्थना समाजाचे, म्हणजे श्रद्धेनेच काम करणारे गृहस्थ होते, आणि मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्ध ते उभे राहिले. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ च्या अधिनियमाने देवदासी प्रथेला बंदी घातली. तरीही एखाद्या मुलीच्या केसांत जट दिसली की ‘देवीचे बोलावणे आले’ असे म्हणणारे आजही भेटतात. अशा वेळी डॉक्टरांपेक्षा पुजाऱ्याचा किंवा गुरवाचा शब्द अधिक चालतो. केस न विंचरल्याने आणि चिकटून राहिल्याने जट होते, ती कापल्याने कोणाचे वाईट होत नाही, हे त्यांनी एकदा देवळाच्या पायरीवर उभे राहून सांगितले तर एखाद्या घराची दिशा बदलू शकते.

दुसरी तपासणी लग्नांची करावी. आळंदीसारख्या ठिकाणी आणि लहानमोठ्या अनेक देवळांत रोज लग्ने लागतात. मध्यस्थामार्फत ठरलेल्या लग्नात वधूकडचे एखाददुसरेच माणूस असेल, वधूला वराची भाषा येत नसेल आणि सगळ्यांना फार घाई असेल, तर पुरोहिताने अक्षता हातात घेण्यापूर्वी थांबले पाहिजे. वयासाठी केवळ आधार कार्डावर विसंबून राहू नये. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला मागावा, त्याची प्रत ठेवावी, आणि ट्रस्टमधील एखाद्या महिलेने वधूशी पाच मिनिटे एकांतात बोलावे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे बालविवाह लावणाऱ्याला २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. निकाह पढवणारे काझी, चर्चमधील धर्मगुरू, विहारात विधी लावणारे बौद्धाचार्य, या सगळ्यांना हे कलम सारखेच लागू आहे.

तिसरी गोष्ट मुलांच्या निवासाची. अनाथ किंवा निराधार मुले ठेवणाऱ्या आश्रमाची २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ नुसार नोंदणी असलीच पाहिजे. महाराज चांगले आहेत, सिस्टर प्रेमळ आहेत, हाफिजसाहेब मुलांवर जीव टाकतात, हे सगळे खरे असले तरी ते नोंदणीला पर्याय ठरत नाही. देणगी देण्यापूर्वी नोंदणीपत्र पाहायला मागावे. संस्था खरी असेल तर तिला त्याचा राग येत नाही.

इथे दुसरी बाजूही सांगणे भाग आहे. मे २०२३ मध्ये बिहारमधून महाराष्ट्रातील मदरशांत शिकायला निघालेली ५९ मुले तस्करीच्या संशयावरून भुसावळ आणि मनमाड येथे रेल्वेतून उतरवण्यात आली. मुले सुमारे १२ दिवस आश्रयगृहांत राहिली, सोबतच्या शिक्षकांना तुरुंगात जावे लागले, आणि पुढे गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचे मान्य करून प्रकरण बंद झाले. त्यातून आपण दोन धडे घ्यावेत. मुलांना घेऊन प्रवास करणाऱ्या प्रत्येक धार्मिक संस्थेने पालकांची लेखी संमती, पालकांच्या ओळखपत्रांच्या प्रती, मुलांची यादी आणि पोहोचण्याच्या ठिकाणचे पत्र जवळ ठेवावे. आणि आपण, जे लक्ष ठेवणार आहोत, त्यांनी टोपी, दाढी, भाषा किंवा कातडीचा रंग पाहून संशय घेण्याची सवय आधी स्वतःच्या मनातून काढून टाकावी.

दुसरी पायरी: पाच-सात माणसांचा गट

मोठी समिती नेमली की तिच्या बैठकाच होत राहतात. त्यापेक्षा पाच-सात माणसे निवडावीत, आणि ती विश्वस्तांमधून न निवडता ज्यांची नजर रोज फिरते त्यांच्यातून निवडावीत. भक्तनिवासाचा व्यवस्थापक, वाढपी, चपला सांभाळणारा, पार्किंगवाला, हरिपाठाला येणारी एखादी अंगणवाडी सेविका, मशिदीच्या जमातीतला एखादा रिक्षाचालक, चर्चच्या पॅरिशमधली एखादी निवृत्त परिचारिका, असा गट चालतो. त्यात निम्म्या तरी स्त्रिया हव्यात.

गटातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आणि कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पुढील क्रमांक असावेत: मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, रेल्वेत १३९ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. याशिवाय जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा पत्ता, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याचे कार्यालय आणि पोलिसांचा अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष या तीन ठिकाणी गटाने एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. ओळख आधी झालेली असली म्हणजे रात्री अकरा वाजता केलेला फोन वेगळ्या कानांनी ऐकला जातो.

तिसरी पायरी: आपल्या गावाचे पंचांग

तस्करीलाही ऋतू असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणीकडील माणसे ऊसतोडीला निघतात, आणि मुलीला मागे कुठे ठेवायचे या काळजीने त्याआधी तिचे लग्न उरकले जाते. पावसाळ्यात रायगड, ठाणे, पालघरच्या कातकरी वाड्यांवर धान्य संपते, आणि वीटभट्टीची आगाऊ रक्कम त्याच काळात घरात येते. परीक्षांचे निकाल लागल्यावर नोकरीच्या जाहिराती वाढतात. गटाने बसून आपल्या भागाचा असा बारा महिन्यांचा तक्ता करावा आणि मदत त्या तक्त्यानुसार वळवावी. दिवाळीनंतर फराळ वाटण्यापेक्षा श्रावणात धान्य देणे, आणि हंगामी स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच राहण्याची सोय उभी करणे, या मदतीचे मोल कितीतरी अधिक आहे. उचल घेण्याची वेळच टळली तर पुढचा बराचसा प्रश्न उद्भवत नाही.

यात्रा आणि वारी यांचा विचार वेगळा करावा. पंढरपूरच्या आषाढीला असो वा २०२७ मधील नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात असो, हरवलेले मूल ‘मी मामा आहे’ असे म्हणणाऱ्याच्या हाती कधीही देऊ नये. दिंडीतील प्रत्येक लहान मुलाच्या खिशात दिंडी क्रमांक आणि विणेकऱ्याचा किंवा चालकाचा मोबाईल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मूल सापडल्यास ते पोलीस मदत केंद्रातच सोपवावे, आणि न्यायला आलेल्याला पाहून मूल कसे वागते तेही पाहावे.

चौथी पायरी: व्यासपीठावरून बोलणे

सप्ताहातले कीर्तन, शुक्रवारचा खुतबा, रविवारचे प्रवचन, विहारातील वंदनेनंतरचे दोन शब्द, गुरुद्वाऱ्यातील लंगरापूर्वीची सूचना ही सगळी व्यासपीठे फुकट आणि ऐकणाऱ्यांनी भरलेली असतात. मात्र ‘मुलींनो, सावध राहा’ एवढेच सांगून सोडून दिले तर त्याचा परिणाम उलटाच होतो, कारण घरचे लोक मुलीची शाळाच बंद करतात. बोलायचे ते आईबापांशी, मुकादमाशी, जावई शोधणाऱ्या मामाशी आणि स्वस्तात घरकामाला मुलगी शोधणाऱ्या शहरातल्या भाविकाशी. घरातली बारा वर्षांची ‘मदतनीस’ याच भाविकाच्या घरी भांडी घासत असते, हे कीर्तनकाराने एकदा उघड बोलावे.

वारकरी कीर्तनकाराला तर आख्यान बाहेरून आणायचीही गरज नाही. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथा सगळ्यांना पाठ असते. शामा या गणिकेची ही मुलगी, बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा पंढरपुरात विठ्ठलाच्या आसऱ्याला आली आणि तिने देवाच्या पायांशी देह ठेवला. तिच्या समाधीच्या जागी उगवले असे मानले जाणारे तरटीचे झाड देवळाच्या आवारात दाखवतात. आपण ही कथा भक्तीची म्हणून सांगतो, आणि ती भक्तीची आहेच. पण तिच्या रूपाची वार्ता दरबारात कोणी पोहोचवली, सैनिक देवळाला वेढा घालून उभे राहिले तेव्हा पुजाऱ्यांपुढे कोणता प्रश्न होता, हे श्रोत्यांना विचारून पाहावे. गाडगे महाराज श्रोत्यांना प्रश्न विचारत विचारतच कीर्तन पुढे नेत, आणि या विषयाला तीच रीत सर्वांत जास्त मानवते.

ख्रिस्ती समाजात ८ फेब्रुवारी हा संत जोसेफीन बाखिता यांचा दिवस तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जातो. सुदानमध्ये लहानपणीच पळवून विकली गेलेली ही मुलगी पुढे संत ठरली. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्या अंगणातलेच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात उपाशी विधवा आणि मुलींना दलाल गाठत होते, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिथे जाऊन शेकडोंना केडगावला आणले आणि शिक्षण व हातचे काम देऊन उभे केले.

तरुणांसाठी बोलताना मोघम उपदेश टाळून ठोस माहिती द्यावी. परदेशी नोकरी देणारा एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहावे. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. टुरिस्ट व्हिसावर जाऊन नोकरी करा असे कोणी सांगत असेल, तर तिथेच थांबावे.

पाचवी पायरी: संशय आला तर

अशा वेळी धर्माच्या माणसांकडून दोन चुका होतात. काहीजण ‘देव पाहून घेईल’ म्हणत गप्प बसतात, तर काहीजण घोळका जमवून आरडाओरड करतात. दुसरी चूक अधिक घातक असते, कारण तस्कर सावध होऊन बळीला दुसरीकडे हलवतो, किंवा निरपराध माणूस जमावाच्या हाती सापडतो.

शांतपणे पाहावे आणि लिहून ठेवावे: वेळ, ठिकाण, वाहनाचा क्रमांक, माणसे किती, कोणती भाषा बोलतात, मूल स्वतः काय म्हणाले ते त्याच्याच शब्दांत. त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. काय घडले हे काढून घेण्याचे काम प्रशिक्षित माणसांचे आहे, आणि दहा जणांनी दहादा विचारले की पुढे न्यायालयात जबाबावर शंका घेतली जाते. फोन करताना आपले नाव गुप्त ठेवायला सांगता येते. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात शून्य क्रमांकाने तक्रार नोंदवता येते. सोडवलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते, म्हणून ‘आज रात्री आमच्याच मठात राहू द्या, सकाळी बघू’ असा परस्पर निर्णय घेऊ नये.

मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती असूनही ती न कळवणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. आरोपी आपल्याच संस्थेतला असला तरी हे बंधन सुटत नाही, आणि संस्थेची बदनामी टाळण्यासाठी प्रकरण ‘आपसात मिटवणे’ हा मार्गच कायद्याने ठेवलेला नाही. वेठबिगारीचा संशय असेल तर पोलिसांबरोबर तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि मुक्तता प्रमाणपत्र मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. तो कागद हाती आल्याखेरीज केंद्राच्या योजनेतील मदत मिळण्याची वाट मोकळी होत नाही.

आणि फोटो काढू नयेत. मुलीचा चेहरा, गावाचे नाव, शाळेचा गणवेश, यांतले काहीही देवस्थानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आपल्या सेवेकऱ्यांची कामगिरी’ म्हणून गेले, तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ चा भंग होतो आणि त्या मुलीचे घरी परतणे आणखी अवघड होते.

सहावी पायरी: नंतरची वर्षे

सुटका एका दिवसात होते, पण पुढचे काम पाच-सात वर्षे चालते, आणि बातमी जुनी झाल्यावर सगळे निघून जातात. श्रद्धेच्या समाजाला टिकून राहण्याची सवय असते. पिढ्यान्पिढ्या वारी चालते, दर रविवारी मिस्सा होते. ती सवय इथे कामी आणावी.

करण्यासारख्या गोष्टी साध्या असतात. खटल्याच्या तारखेला कोणीतरी सोबत जावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करून द्यावा. शिवणयंत्रापलीकडे विचार करावा, कारण प्रत्येक सुटलेल्या बाईला शिवणकामच आवडते असे मानण्याचे काहीच कारण नाही. तिला नर्सिंग, दुकान, गाडी चालवणे यांतले काय हवे ते विचारावे. भाड्याने खोली मिळवून देताना ट्रस्टच्या माणसाने घरमालकाला आपला शब्द द्यावा.

या कामात धर्म मध्ये आणू नये. जेवण, निवारा किंवा वकील यांच्या बदल्यात नामस्मरण, दीक्षा, बाप्तिस्मा किंवा कलमा यांची अपेक्षा ठेवली, तर आपणही तिच्या अगतिकतेचा फायदाच घेतला असे होईल. ‘शुद्धी’, ‘पापातून बाहेर काढले’ अशी भाषाही टाळावी, कारण गुन्हा दुसऱ्याने केलेला असतो. तसेच स्वतःच्या निर्णयाने देहविक्रय करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना बळजबरीने ‘उद्धरायला’ जाऊ नये. त्यांच्याशी सन्मानाने वागावे आणि त्यांना त्रास देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पोलिसांना बजावले आहे. त्यांच्या वस्तीशी चांगले संबंध ठेवले, तर नव्याने आणलेल्या अल्पवयीन मुलीची खबर बहुधा त्यांच्याकडूनच मिळते. मुंबईत ‘प्रेरणा’ संस्थेने १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात तिथल्या स्त्रियांच्या मुलांसाठी रात्रीचे केंद्र सुरू केले. आई कामावर असताना मूल सुरक्षित झोपावे, एवढी साधी ती सोय होती. आपल्या मंगल कार्यालयाची एक खोली रात्री मोकळी असते का, याचा विचार एखाद्या शहरी देवस्थानाने अवश्य करावा.

सातवी पायरी: हिशेबाची वही

खर्चाचे वेगळे शीर्ष ट्रस्टच्या वार्षिक सभेत मंजूर करून घ्यावे, नाहीतर प्रत्येक वेळी कोणाच्या तरी खिशातून पैसे जातात आणि वर्षभरात काम थांबते. रक्कम फार लागत नाही. पहिल्या वर्षी या शीर्षाखाली एसटीची तिकिटे, झेरॉक्स, एका मुलीच्या चपला आणि न्यायालयाच्या आवारातल्या टपरीवरचा चहा एवढेच खर्च निघतात, आणि लेखापरीक्षक विचारतो, की हा चहा दर महिन्याच्या त्याच तारखेला कसा?